सायलेन्सरचा धूर आणि मोबाईलवरचे पाच तारे

गॅरेजमध्ये अलीकडे एक नव्या तऱ्हेचे गिऱ्हाईक येऊ लागले आहे. उद्यमनगर असो, शाहूपुरी असो की कावळा नाक्याचा रस्ता, हे गिऱ्हाईक सगळीकडे सारखेच. गाडी उभी करते, खिशातून काडेपेटीएवढी एक डबी काढते आणि म्हणते, "भाई, एवढं गाडीला बसवून द्या. मोबाईलवरनं मागवलंय. पेट्रोल वाचतंय म्हणे. हजारो लोकांनी पाच-पाच तारे दिलेत बघा." मेस्त्री डबी उलटसुलट करून पाहतो. बसवून द्यावी तर मनाला पटत नाही. नाही म्हणावे तर गिऱ्हाइकाला वाटते की मेस्त्रीला नवीन काही कळत नाही, किंवा स्वतःचा धंदा बुडेल म्हणून तो असे बोलतो आहे.

या पानाचे वाचक बहुतेक कारागीर आणि लहान व्यापारी. आपल्या समाजातील कितीतरी घरांची चूल गॅरेज, लेथ, वेल्डिंग, डेंटिंग-पेंटिंग, टायर आणि स्पेअरपार्टच्या दुकानावर पेटते. त्यामुळे ती डबी, तो धूर आणि ते पाच तारे यांचा हिशेब नीट मांडून पाहणे हा आपल्या रोजीचा प्रश्न आहे.

कोल्हापूरला इंजिन नवीन नाही. फारसे शिक्षण नसलेल्या म्हादबा मेस्त्रींसारख्या कारागिरांनी स्वतःच्या डोक्याने इंजिने बनवली, त्या परंपरेतून इथला उद्योग वाढला. आज शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल-हातकणंगले येथील फौंड्र्यांतून वाहनांच्या इंजिनांचे ओतीव भाग देशभर जातात. अशा शहरातल्या मेस्त्रीने मोबाईलवरच्या जाहिरातीपुढे गप्प बसावे, हे काही बरे नाही.

धूर म्हणजे न जळलेला पैसा

जुने उस्ताद धूर पाहून इंजिनाचा रोग सांगत. ही विद्या अजून खोटी ठरलेली नाही. पेट्रोल गाडीने काळा धूर सोडला तर हवा कमी आणि पेट्रोल जास्त. निळसर धूर आला तर पिस्टन रिंग किंवा व्हॉल्व्ह सीलमधून ऑईल वर येऊन जळते आहे. सकाळी थंड इंजिनातून थोडी पांढरी वाफ निघणे साहजिक आहे, पण इंजिन तापल्यावरही पांढरा धूर थांबत नसेल तर हेड गॅस्केटमधून पाणी आत जात असण्याची शंका घ्यावी. डिझेलचा काळा धूर बहुधा नोझल, पंप किंवा कोंदलेल्या एअर फिल्टरकडे बोट दाखवतो.

यामागचे गणित सोपे आहे. एक किलो पेट्रोल पूर्ण जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते. एवढी हवा मिळाली तर पेट्रोलमधला कार्बन पूर्ण जळून कार्बन डायऑक्साइड होतो आणि त्यातली सगळी उष्णता मोकळी होते. हवा कमी पडली की कार्बन अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. आता मुद्दा असा, की कार्बन अर्धवट जळून मोनॉक्साइडवरच थांबला तर पूर्ण जळण्याने मिळणाऱ्या उष्णतेपैकी जेमतेम २८ टक्के उष्णता मिळते. उरलेली ७२ टक्के सायलेन्सरमधून फुकट बाहेर जाते. म्हणजे पीयूसीच्या यंत्रावर 'सीओ' म्हणून जो आकडा दिसतो, तो केवळ सरकारी कागद मिळवण्याचा आकडा नव्हे. गिऱ्हाइकाने विकत घेतलेले किती पेट्रोल इंजिनाने न वापरताच परत केले, त्याची ती पावती आहे. 'हायड्रोकार्बन'चा आकडा तर सरळसरळ न जळलेले इंधन. एखादा प्लग मिस होत असेल, तर हा आकडा एकदम उडी मारतो.

बीएस-४ आणि त्यापुढच्या पेट्रोल मोटारींना इंजिन हळू चालत असताना सीओ ०.३ टक्के आणि हायड्रोकार्बन २०० पीपीएम ही मर्यादा आहे. आपल्या गॅरेजात ट्युनिंगला आलेल्या गाडीची कामाआधी एकदा आणि कामानंतर एकदा पीयूसी केंद्रावर तपासणी करून घ्यावी आणि दोन्ही आकडे बिलामागे लिहून द्यावेत. खर्च फार नाही, आणि "भाई, काय काम केलं?" या प्रश्नाला यापेक्षा चांगले उत्तर नाही. गाडी न तपासताच कागद देणाऱ्या केंद्राकडे मात्र जाऊ नये. तो कागद दंडापासून वाचवेल, पेट्रोल वाचवणार नाही.

पीयूसीची मर्यादाही ओळखून असावे. पेट्रोल गाडीत नायट्रोजन ऑक्साइड ते यंत्र मोजत नाही. डिझेल गाडीत तर फक्त धुराचा दाटपणा पाहिला जातो. शिवाय नव्या गाड्यांना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असतो. प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम या मौल्यवान धातूंचा मुलामा दिलेली ती मधाच्या पोळ्यासारखी जाळी अर्धवट जळलेला वायू बाहेर पडण्यापूर्वी पुन्हा जाळून टाकते. त्यामुळे आत इंजिन जास्त पेट्रोल खात असले तरी थोडाफार दोष बाहेर दिसत नाही. धूर स्वच्छ आहे म्हणून इंजिन ठीक आहे, असे नव्या गाडीबद्दल म्हणता येत नाही. आणि इंजिन ऑईल जाळत असेल तर ती महागडी जाळीही लवकर निकामी होते.

जाता जाता एक गोष्ट. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. शटर अर्धे ओढून, आत गाडी चालू ठेवून काम करण्याची सवय अनेक गॅरेजांत आहे, आणि गाडीच्या मागे बहुधा सर्वांत लहान शिकाऊ पोरगा बसलेला असतो. डोके दुखते म्हणून तो चहा पितो. त्याला चहा नको, मोकळी हवा हवी. २०१९ साली केंद्र सरकारने राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम जाहीर केला, तेव्हा हवेची पातळी मानकात न बसणाऱ्या शहरांच्या यादीत कोल्हापूरचे नाव होते. दाभोळकर कॉर्नर आणि महाद्वार रोडची हवा मोजली जाते. गॅरेजच्या आतली कोणी मोजत नाही.

डबीत काय असते?

आता त्या डबीकडे येऊ. पेट्रोल वाचवणाऱ्या वस्तूंचे तीन-चार प्रकार बाजारात फिरतात. पेट्रोलच्या नळीला बांधायचे लोहचुंबक, टाकीत टाकायच्या गोळ्या, पाण्यापासून वायू करून इंजिनाला देणारे किट, आणि स्टिअरिंगखालच्या ओबीडी सॉकेटात खोचायची डबी. हा शेवटचा प्रकार सध्या सर्वांत जास्त खपतो. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने आजवर असली शंभराहून अधिक उपकरणे तपासली आणि अॅव्हरेजमध्ये लक्षणीय सुधारणा करणारे एकही तिला सापडले नाही. काहींमुळे धुरातले प्रदूषण उलट वाढू शकते, असेही तिथल्या सरकारने ग्राहकांना बजावले आहे. ओबीडीत खोचायच्या अशा डब्या काही अभियंत्यांनी फोडून पाहिल्या, तर आत दिवे लुकलुकवण्यापलीकडे फारसे काही नव्हते. गाडीच्या संगणकाशी बोलण्याची सोयच त्यात नव्हती.

इथे एक घोटाळा होतो तो टाळावा. त्याच सॉकेटात बसणारा, तसाच दिसणारा आणि मोबाईलला जोडला जाणारा लहान स्कॅनरही मिळतो. तो मात्र खऱ्या उपयोगाची वस्तू आहे. गाडीच्या संगणकात नोंदलेला दोष तो वाचून दाखवतो. दोन्ही एकाच दुकानात, एकाच आकारात, शेजारीशेजारी विकले जातात, आणि ताऱ्यांच्या संख्येवरून त्यांत फरक करता येत नाही.

मग हजारो लोक पाच तारे का देतात? सगळेच खोटे बोलतात असे नाही. विक्रेताच माणसे लावून खोटे अभिप्राय लिहून घेतो, हा प्रकार आहेच. तो इतका वाढला की भारतीय मानक ब्यूरोला नोव्हेंबर २०२२ मध्ये ऑनलाइन अभिप्रायांसाठी आयएस १९००० हे स्वतंत्र मानक काढावे लागले. पण प्रामाणिक गिऱ्हाईकही पाच तारे देते, याची कारणे वेगळी आहेत. पार्सल घरी आले की दोन-चार दिवसांतच मोबाईलवर विचारणा येते, वस्तू कशी वाटली? वस्तू वेळेवर आली, डबा फुटलेला नव्हता, दिवा लागला, माणूस खूश. टाकी अजून एकदाही रिकामी झालेली नाही. दुसरे म्हणजे, ज्याने पेट्रोल वाचवण्यासाठी पैसे मोजले तो त्या आठवड्यात गाडीही जपून चालवतो. अॅव्हरेज खरेच थोडे वाढते. ते डबीमुळे नव्हे, त्याच्या उजव्या पायामुळे. तिसरे कारण विक्रेत्याला चांगले ठाऊक असते: वस्तू परत करण्याची मुदत आठ-दहा दिवसांची आणि अॅव्हरेज कळायला लागतो महिना.

म्हणजे ते तारे वस्तू पोहोचल्याचे समाधान सांगतात. वस्तू कामाला आल्याचे समाधान त्यांत मोजलेलेच नसते. कपड्यात, भांड्यात हा फरक फारसा जाणवत नाही. अंगात घातले की सदरा कळतो. पण प्लग, सेन्सर, ऑईल, फिल्टर या वस्तूंचा गुण महिन्यांनी कळतो, आणि तोवर तारे देऊन झालेले असतात.

अॅव्हरेज मोजायचे कसे

गिऱ्हाइकाला उपदेश करण्यापेक्षा त्याच्या हातात वही द्यावी. पद्धत जुनीच आहे. टाकी फुल्ल करायची, किलोमीटर लिहायचे. गाडी नेहमीसारखी चालवायची. पुन्हा शक्यतो त्याच पंपावर, त्याच नोझलवर, पहिल्या कटऑफपर्यंत टाकी फुल्ल करायची. जितके लिटर आत गेले तितके जळले. किलोमीटरला लिटरने भागायचे. एका टाकीवर भरवसा ठेवू नये, किमान तीन टाक्यांची सरासरी घ्यावी. रंकाळ्याच्या बाजूने फिरलेली टाकी आणि पुणे-बंगळूर महामार्गावर मारलेली टाकी यांची तुलना करू नये.

समजा गाडी १५ ची १२ वर आली आहे आणि महिन्याला १,००० किलोमीटर धावते. आधी ६६.७ लिटर लागत, आता ८३.३ लिटर. पेट्रोल लिटरला १०० रुपये धरले तरी महिन्याला सुमारे १,६६७ आणि वर्षाला २०,००० रुपये जास्त गेले. हे २०० लिटर जास्त जळले म्हणजे सुमारे ४६० किलो कार्बन डायऑक्साइडही जास्त बाहेर पडला, कारण एक लिटर पेट्रोलमागे साधारण २.३ किलो निघतो. वीस हजारांचा आकडा कागदावर दिसला की गिऱ्हाईक डबी विसरते आणि विचारते, "मग दोष कुठं असंल, भाई?" खरे काम तिथून सुरू होते.

तीन रुपयांची हवाही पाहावी. टायरमध्ये हवा कमी असेल, ब्रेक चिकटत असतील, क्लच घसरत असेल तर इंजिनाला हात लावण्याचे कारणच नाही. आणि वेग. पेट्रोलियम संवर्धन संशोधन संघाचा, म्हणजे पीसीआरएचा, सल्ला आहे की ताशी ८० ऐवजी ४५ ते ५५ किलोमीटर वेगाने गाडी चालवली तर ४० टक्क्यांपर्यंत जास्त अॅव्हरेज मिळू शकते. एवढी बचत करणारी वस्तू कोणत्याही मोबाईलवर मिळत नाही.

जुना अनुभव, नवे इंजिन

इथे आपल्या कारागीर बंधूंना एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. काही जुने आडाखे नव्या इंजिनाला लागू पडत नाहीत. उदाहरण एअर फिल्टरचे. कार्बोरेटरच्या गाडीत फिल्टर कोंदला की अॅव्हरेज पडे, हे खरे. पण अमेरिकेच्या ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेने २००९ साली तपासले तेव्हा असे दिसले की पेट्रोलच्या फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत कोंदलेल्या फिल्टरने अॅव्हरेज जवळजवळ बदलत नाही. गाडी उचल घेत नाही, एवढेच. कारण आत येणारी हवा मोजून संगणक पेट्रोलही कमी करतो. तेव्हा "फिल्टर बदला, अॅव्हरेज वाढेल" असे सांगून नव्या गाडीत फिल्टर बदलला तर गिऱ्हाइकाच्या वहीत काही फरक पडणार नाही, आणि पुढच्या वेळी ते आपले ऐकणार नाही. फिल्टर बदलावा जरूर. कारण खरे सांगावे.

उलट, ऑक्सिजन सेन्सर बिघडला तर संगणक आंधळा होतो आणि पेट्रोल ओततच राहतो. गंभीर दोष असलेला सेन्सर बदलल्यावर अॅव्हरेज ४० टक्क्यांपर्यंत सुधारू शकते, असे अमेरिकन सरकारचे मार्गदर्शन सांगते. हा सेन्सर हाताने चाचपून कळत नाही, त्याला स्कॅनर लागतो. 'चेक इंजिन'चा दिवा लागला की बॅटरीची वायर काढून दिवा घालवणे ही दुरुस्ती नव्हे.

१ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ मानक लागू झाले. बीएस-५ चा टप्पा सरकारने वगळला. इंधनातले गंधक ५० वरून १० पीपीएमवर आले. डिझेल मोटारींच्या नायट्रोजन ऑक्साइडची मर्यादा किलोमीटरला २५० मिलिग्रॅमवरून ८० वर, आणि धुराच्या कणांची २५ वरून ४.५ वर आणली गेली. हे साधण्यासाठी डिझेल गाड्यांना धुराचे कण अडवणारा डीपीएफ फिल्टर आला, अनेक गाड्यांना युरियाचे द्रावणही आले. गावातल्या गावात दोन-तीन किलोमीटर फिरणाऱ्या डिझेल गाडीचा डीपीएफ तापतच नाही, म्हणून तो कोंदतो आणि दिवा लावतो. अशी गाडी काही वेळ महामार्गावर स्थिर वेगाने पळवली की तो पुष्कळदा आपोआप साफ होतो. हे माहीत नसलेले काही लोक फिल्टर फोडून मोकळे करतात. गाडी चालते, पण ती त्यानंतर कायद्यात बसत नाही, आणि काजळी पुन्हा रस्त्यावर येते. हे काम कोणी पैसे देऊन सांगितले तरी करू नये.

यातले बरेच काही पूर्वी फक्त कंपनीच्या वर्कशॉपलाच मिळे. भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी १४ मोटार कंपन्यांना २,५०० कोटींहून अधिक दंड ठोठावला. अस्सल सुटे भाग आणि दोष शोधण्याची साधने बाहेरच्या गॅरेजना मिळू दिली जात नाहीत, हा आक्षेप होता. प्रकरण पुढे अपिलात गेले, पण छोट्या गॅरेजवाल्याचाही त्या साधनांवर हक्क आहे, हे तेव्हा कागदावर आले. हक्क घ्यायचा तर शिकावे लागेल. कळंबा रोडच्या आयटीआयमधून शिकून आलेला पोरगा गॅरेजात ठेवला आणि उस्तादाचा कान त्याला मिळाला, तर दोघांचेही भले.

उसाचे पेट्रोल

कोल्हापुरात हा विषय उसाशिवाय पुरा होत नाही. आपल्याच जिल्ह्यातल्या कारखान्यांच्या आसवन्यांतून निघालेले इथेनॉल आज आपल्याच गाडीच्या टाकीत येते. २०२५ पासून पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश कमी ऊर्जा असते. २०२१ साली नीती आयोगाच्या अहवालात असा अंदाज होता की जुन्या धाटणीच्या चारचाकींचे अॅव्हरेज ६ ते ७ टक्के आणि दुचाकींचे ३ ते ४ टक्के घटेल. ऑगस्ट २०२५ मध्ये पेट्रोलियम मंत्रालयाने ही घट ई-२० साठी जुळवलेल्या गाड्यांत १ ते २ टक्के आणि इतर गाड्यांत ३ ते ६ टक्के असल्याचे सांगितले.

मेस्त्रीच्या दृष्टीने या आकड्यांचा उपयोग असा, की १५ ची गाडी १४ झाली तर ते इथेनॉलचे असू शकते, आणि त्यात मेस्त्रीचा दोष नाही. पण १५ ची १२ झाली तर ते २० टक्के आहेत. तिथे इथेनॉलवर खापर फोडून गिऱ्हाईक परत पाठवू नये. जुन्या गाड्यांत रबरी नळ्या, ओ-रिंग आणि कार्बोरेटरचे गॅस्केट फुगलेले किंवा चिरलेले दिसले तर बदलावेत. महिनोन्महिने उभ्या असलेल्या गाडीच्या टाकीत पाणी साठते, ते पाहावे. इथेनॉल पाणी ओढून घेते.

प्रयोगशाळेतला आकडा आणि रस्त्यावरचा आकडा वेगळा असतो, ही तक्रार फक्त डबीवाल्यांबद्दल नाही. सप्टेंबर २०१५ मध्ये जगातल्या सर्वांत मोठ्या मोटार कंपन्यांपैकी एक, फोक्सवॅगन, पकडली गेली. तिच्या डिझेल गाड्यांतला संगणक चाचणी चालू आहे हे ओळखून तेवढ्यापुरता धूर स्वच्छ ठेवत असे. पुण्याच्या एआरएआय या संस्थेने भारतातल्या गाड्या तपासल्या आणि डिसेंबर २०१५ मध्ये कंपनीने इथल्या ३ लाख २३ हजारांवर गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावल्या. भारतात १ एप्रिल २०२३ पासून प्रत्यक्ष रस्त्यावर गाडी चालवून धूर मोजण्याची अट आली, ती या अनुभवानंतरच.

मजुरी हलाल कशी राहील?

आता मेस्त्रीचा खरा पेच. गिऱ्हाईक स्वतःच मोबाईलवरून पार्ट घेऊन येते आणि म्हणते, "पार्ट माझा, तुम्ही फक्त मजुरी घ्या." पार्ट डुप्लिकेट निघाला, इंजिन बिघडले, तर नाव मेस्त्रीचे जाते. आणि ती लुकलुकणारी डबी तर निरुपयोगी आहे हे माहीत असून बसवायची आणि पन्नास रुपये घ्यायचे, हे कसे?

नाप-तोलात कमी देणाऱ्यांबद्दल कुरआनात अल-मुतफ्फिफीन ही पूर्ण सूरहच आहे. धान्याच्या ढिगाचा प्रसंगही आपण सर्वांनी ऐकलेला आहे. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी बाजारात धान्याच्या ढिगात हात घातला आणि आतले धान्य ओले लागले. पावसाने भिजले, असे विक्रेत्याने सांगितल्यावर त्यांनी त्याला विचारले की मग ते ओले धान्य लोकांना दिसेल असे वरच का ठेवले नाही. गॅरेजात याचा अर्थ एवढाच की ओले धान्य वर ठेवावे. डबी बसवण्यापूर्वी सांगावे, "साहेब, याने पेट्रोल वाचत नाही. तरी बसवायची असेल तर मी मजुरी घेत नाही, तुम्हीच खोचा." गिऱ्हाइकाने आणलेला पार्ट बसवायचा असेल तर बिलावर स्पष्ट लिहावे, 'भाग ग्राहकाने आणलेला, हमी फक्त कामाची.' ब्रेक, स्टिअरिंग आणि पेट्रोलच्या नळीचे भाग मात्र पाकिटावर निर्मात्याचे नाव-पत्ता, महिना-वर्ष आणि एमआरपी नसेल तर बसवूच नयेत, मग गिऱ्हाईक रागावले तरी चालेल. मागाहून अपघात झाला तर त्या राग-लोभाला काही किंमत उरत नाही.

स्पेअरपार्टच्या दुकानदारांनाही थोडे ऐकवले पाहिजे. गिऱ्हाईक मोबाईलकडे का वळते? भाव आधी दिसतो, बिल न मागता मिळते, आणि न पटलेली वस्तू भांडण न करता परत जाते. आपल्या दुकानात पाटी काय? 'एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही.' ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार सदोष माल बिलात लिहिलेल्या मुदतीत, किंवा मुदत लिहिलेली नसेल तर ३० दिवसांत, परत घ्यायला नकार देणे ही अनुचित व्यापार प्रथा ठरते. बिल न देणे हीसुद्धा. तेव्हा ती पाटी उतरवावी हे बरे. आपल्याकडे जे आहे ते मोबाईलच्या दुकानाकडे नाही: गाडीचे मॉडेल विचारून नेमका पार्ट देणारा माणूस, आणि बसला नाही तर दहा मिनिटांत बदलून मिळण्याची सोय. २२ सप्टेंबर २०२५ पासून वाहनांच्या सुट्या भागांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आहे. गिऱ्हाइकाला त्याचा फरक बिलात दिसला पाहिजे.

आपणही मोबाईलवरून माल मागवतोच. त्याबद्दल दोन व्यवहाराच्या गोष्टी. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार प्रत्येक वस्तूसोबत विक्रेत्याचे नाव-पत्ता आणि ती कोणत्या देशात बनली हे दाखवणे बंधनकारक आहे. ते दिसत नसेल तर मागवू नये. तक्रार केली तर तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच आणि महिन्याभरात निवारण दिले पाहिजे. नाही दिले तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करता येतो आणि राहत्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात दावाही लावता येतो. पाच लाखांपर्यंतच्या दाव्याला फी नाही.

पण इथे व्यापाऱ्याची एक अडचण आहे. पुन्हा विकण्यासाठी घेतलेल्या मालाबाबत हा कायदा आपल्याला 'ग्राहक' मानत नाही. दुकानात ठेवायला मागवलेले शंभर प्लग खोटे निघाले तर ग्राहक आयोगाचे दार उघडत नाही. तिथे विक्रेत्याशी झालेला लेखी करार आणि जीएसटीचे बिल हेच हत्यार. मात्र स्वतःच्या हाताने काम करून पोट भरणाऱ्या मेस्त्रीने त्याच कामासाठी घेतलेला स्कॅनर किंवा पाना-संच बिघडका निघाला, तर तो ग्राहक ठरतो. म्हणून हत्यारांचे बिल दुकानाच्या मालाच्या बिलापासून वेगळे घ्यावे, आणि पार्सल उघडताना मोबाईलवर चित्रण करून ठेवावे. वस्तू परत करताना पहिला वाद डब्यात काय होते, यावरच होतो.